तालचीरचे धोंडे

हिमनदीचा बर्फ थेट मागे टाकतो तो टिल: बारीक मातीत खडे, गोटे, धोंडे, सारे न निवडलेले. शब्द मूळचा स्कॉटलंडचा, तिथल्या चिवट दगडाळ मातीसाठीचा. त्याचा दगड झाला की टिलाइट.

१८५६ मध्ये ओडिशातील तालचीरचा असा थर बर्फाने आणल्याचे ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड या भूवैज्ञानिकांनी सांगितले. उष्ण प्रदेशासाठी हे धाडसाचेच विधान. १८७५ मध्ये फेडन यांना चंद्रपूर भागात इरई येथे अशाच थराखालच्या चुनखडकावर समांतर ओरखडे दिसले; बर्फात रुतलेले दगड घासत गेल्याचा हा सर्वांत बोलका पुरावा.

पण चिखलाचा लोटही असाच मिश्र थर घालतो. म्हणून १९६० मध्ये फ्लिंट व सहकाऱ्यांनी उगमाबद्दल काहीच न सांगणारा शब्द सुचवला: डायमिक्टाइट.