जुनी अटक

अमेरिकेच्या व्हिसाच्या फॉर्मवर एक प्रश्न असतो: कधी अटक किंवा शिक्षा झाली होती का? माफी मिळाली असली तरी सांगा, असंही वर बजावलेलं. आपण बहुतेकजण 'नाही' म्हणून पुढे सरकतो. मला मात्र तिथे हमखास जॉन लेनन आठवतो.

हो, बीटल्सवालाच. ऑक्टोबर १९६८ मध्ये लंडनला त्याच्या घरावर धाड पडली, चरस सापडला. त्याने गुन्हा कबूल केला, १५० पौंड दंड भरला. विषय संपला असं कुणालाही वाटेल. पण १९७१ मध्ये तो न्यूयॉर्कला राहायला गेला आणि पुढच्याच वर्षी सरकारने त्याला बाहेर काढायची कारवाई सुरू केली. कारण, तोच जुना गुन्हा! खरी पोटदुखी वेगळी होती. तो व्हिएतनाम युद्धाविरुद्ध बोलत होता आणि निक्सन यांची निवडणूक तोंडावर होती.

त्याचे वकील लिऑन वाइल्ड्स हटले नाहीत. ७ ऑक्टोबर १९७५ ला अपील कोर्ट म्हणालं, त्या ब्रिटिश कायद्यात माल जवळ असल्याचं आरोपीला ठाऊक होतं का, हे बघतच नव्हते. मग त्या शिक्षेवरून याला हाकलता येणार नाही. जुलै १९७६ मध्ये ग्रीन कार्ड मिळालं.

नोंद तीच होती, फक्त कुणीतरी ती नीट वाचली. त्यासाठी चार वर्षं, चिवट वकील आणि लेननएवढं नाव लागलं. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, त्यांची नोंद कोण वाचतं?