महिन्याच्या पावसाचा हिशेब

मुंबईकराला 'तो' पाऊस कधीचा म्हणून विचारा. झोपेतून उठवलं तरी तो '२६ जुलै' म्हणेल. हवामान खात्याच्या नोंदवहीत मात्र सांताक्रूझचे ते ९४४ मिलिमीटर लिहिलेले आहेत २७ जुलै २००५ या तारखेसमोर. चूक कुणाचीच नाही. आपल्याकडे पाऊस मोजायची वेळ सकाळी साडेआठची, आणि आदल्या सकाळच्या साडेआठपासून पडलेला सगळा पाऊस मोजणीच्या दिवसाच्या नावावर चढतो. इंग्लंडात याच्या उलट चाल आहे. तिथे सकाळी मोजलेला पाऊस आदल्या दिवशीचा धरतात. म्हणजे आपल्या हवामान खात्याचा जुलै सुरू होतो ३० जूनच्या सकाळी साडेआठला आणि संपतो ३१ जुलैच्या सकाळी साडेआठला. त्या दिवशी दुपारी कोसळलेला पाऊस ऑगस्टच्या खात्यात.

महिनाअखेरीला वर्तमानपत्रात जी एक ओळ येते, 'जुलैत देशभरात सरासरीच्या इतके टक्के पाऊस', तिच्या पोटात असे अनेक ठराव दडलेले असतात. पर्जन्यमापक बनवणं हे तसं सोपं काम. भांडं ठेवलं की झालं. हजार ठिकाणच्या हजार माणसांनी एकाच वेळी, एकाच मापाने, एकाच तक्त्यात आकडा लिहायचा, हे जमायला दोन हजार वर्षं लागली.

सुरुवात कोठारापासून करायला हवी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराच्या आवारात एक अरत्नी, म्हणजे हातभर तोंडाचं कुंड पाऊस मोजण्यासाठी ठेवायला सांगितलं आहे. पाऊस मोजायचं काम ज्योतिष्याकडे नव्हतं, कोठारावरच्या अधिकाऱ्याकडे होतं, यातच सगळं आलं. पुढे शेतीच्या अध्यक्षासाठी प्रदेशवार पाऊस दिला आहे, द्रोण या मापात. कोरड्या मुलखात सोळा द्रोण, पाणथळ मुलखात त्याच्या दीडपट, अवंतीत तेवीस, आणि गोदावरीकाठच्या अश्मकात साडेतेरा. अपरान्ताला, म्हणजे आपल्या कोकणाला, आकडाच नाही. तिथला पाऊस अमित म्हणून सोडून दिला आहे. अश्मकाचा साडेतेरा हा आकडा कोरड्या मुलखापेक्षाही कमी आहे, हे मराठवाड्यातल्या वाचकाने मुद्दाम ध्यानात घ्यावं. आणखी एक बारकावा: चार महिन्यांपैकी पहिल्या आणि शेवटच्या महिन्यात मिळून एक तृतीयांश आणि मधल्या दोन महिन्यांत दोन तृतीयांश पाऊस झाला तर हंगाम चांगला समजावा. पावसाची महिनेवार वाटणी करून हंगामावर शेरा मारायची ही पद्धत आजच्या मासिक अहवालाची थेट पूर्वज म्हणायला हरकत नाही. फक्त त्या काळातल्या नोंदी आपल्या हाती नाहीत. नियम उरला, वह्या गेल्या.

एकाच मापाची भांडी देशभर वाटून पाऊस मोजायचा पहिला पक्का दाखला कोरियाचा. राजा सेजोंगच्या दरबारात १४४१ साली लोखंडी नळकांड्यासारखा पर्जन्यमापक तयार झाला, आणि लवकरच तशीच भांडी गावोगावच्या अंमलदारांकडे रवाना झाली. पाऊस किती आणि केव्हा पडला ते दरबाराला कळवायचं, असा हुकूम. तिथेही कारण शेतसाऱ्याचंच.

युरोपात ही गोष्ट विद्वानांच्या हौसेतून वाढली. रॉबर्ट हुकने सतराव्या शतकात हवेच्या नोंदीसाठी एक तक्ता आखून दिला: वारा, उष्णता, दमटपणा, आभाळ, प्रत्येकाला वेगळा रकाना. कोरा तक्ता छापून देणं ही फार मोठी युक्ती होती. माणसाला 'हवा कशी होती ते लिहा' म्हटलं तर तो निबंध लिहितो. रकाना दिला की आकडा लिहितो. १७८० मध्ये जर्मनीतल्या मानहाइमच्या हवामान संस्थेने एक पाऊल पुढे टाकलं. तिने तपासलेली उपकरणं स्वतःच्या खर्चाने युरोपभर पाठवली आणि वेळाही ठरवून दिल्या: सकाळी सात, दुपारी दोन, रात्री नऊ. दीड दशकाच्या आत संस्था युद्धाच्या धामधुमीत बुडाली, पण 'मानहाइमच्या वेळा' पुढे शतकभर टिकल्या. सलग महिनेवार आढाव्याला मात्र तारायंत्राची वाट पाहावी लागली. अमेरिकेचं मासिक हवामान समालोचन १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला निघालं, ब्रिटनच्या हवामान कार्यालयाचा मासिक अहवाल १८८४ पासून.

आपल्याकडे कंपनी सरकारच्या काळात नोंदी पुष्कळ होत्या, पण ज्याची त्याची वही वेगळी. लष्करातले डॉक्टर, मळेवाले, हौशी अधिकारी यांनी आपापल्या बंगल्यात उपकरणं लावली होती. दख्खनच्या हवामानावर कर्नल साइक्सने १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे जो निबंध ठेवला, तो पुणे प्रांतात फिरून त्याने स्वतः घेतलेल्या नोंदींवर उभा होता. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२० च्या दशकात बांधली गेली, आणि तिथल्या शिस्तशीर नोंदी १८४० च्या दशकात सुरू झाल्या. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर काही काळ या वेधशाळेचे प्रमुख होते. गणिती केरूनाना छत्रे सोळा-सतरा वर्षांचे असताना पन्नास रुपये पगारावर इथेच नोकरीला लागले आणि दहाएक वर्षं राहिले. ताशी नोंदी, म्हणजे रात्री-अपरात्री उठून वायुभारमापक वाचायचा. पुढे ग्रहगणिताची कोष्टकं करणाऱ्या माणसाची आकड्यांची बैठक या खोल्यांत पक्की झाली असणार, असं मला वाटतं.

या विखुरलेल्या वह्या एकत्र आणल्या त्या दोन संकटांनी. ऑक्टोबर १८६४ मध्ये कलकत्त्यावर चक्रीवादळ आदळलं आणि हजारोंनी माणसं बुडाली. पुढच्याच वर्षी ओडिशात पाऊस दगा देऊन गेला, आणि त्यातून आलेल्या दुष्काळाने काही लाख माणसं नेली. पाऊस हटल्याचं सरकारला कळलं नव्हतं असं नाही. पण कुठे किती हटला, आणि एरवी तिथे किती पडतो, हे सांगणारा एक कागद कुणाकडे नव्हता. १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं आणि हेन्री ब्लॅनफर्ड साऱ्या देशाचा हवामान प्रतिवेदक झाला. हा मूळचा भूगर्भशास्त्रज्ञ. त्याला पहिलं काम करावं लागलं ते दुरुस्तीचं: प्रांतोप्रांतीच्या वायुभारमापकांतले फरक शोधायचे, वेळा जुळवायच्या, तापमापक कोणत्या आडोशाला ठेवायचे ते ठरवायचं. इथल्या उन्हापासून बचाव म्हणून तापमापक गवताने शाकारलेल्या चौफेर उघड्या छपरीत टांगत. पांढऱ्या झडपांची पेटी नंतर आली. १८७५ सालचा पहिला राष्ट्रीय अहवाल तयार होतोय तोवर दख्खनमध्ये १८७६–७८ चा मोठा दुष्काळ उभा ठाकला होता.

नोंदींचं जाळं खरं विणलं गेलं ते महसूल खात्यामुळे. तालुका कचेरीच्या आवारात, झाडांपासून दूर, विटांच्या ओट्यावर पर्जन्यमापक बसला आणि त्याची किल्ली कारकुनाकडे आली. हे यंत्र पाच इंची तोंडाचं. त्याचं काम पाहण्यासारखं असतं. नरसाळं उचलायचं, आतली बाटली काढायची, पाणी खुणांच्या काचेच्या पेल्यात ओतायचं, पेला डोळ्यासमोर सरळ धरायचा. पाण्याचा पृष्ठभाग काचेपाशी वर चढलेला आणि मधे खोलगट दिसतो. वाचायचं ते खोलगट भागाच्या तळाशी. कडेचं वाचलं की पाऊस फुकट वाढतो. मोठ्या पावसात पेला पुन्हा पुन्हा भरायचा, आणि किती पेले झाले ते ध्यानात ठेवायचं. एखादा पेला विसरला की तालुक्याचा तेवढा पाऊस गेला. भुरभुर झाली पण मोजण्याजोगं पाणी साठलं नाही, तर 'ट्रेस' लिहायचं. बेरजेत त्याची किंमत शून्य. पाऊस नसेल तर शून्य लिहायचं. आणि मोजलंच नसेल तर जागा रिकामी सोडायची. हे शेवटचं सगळ्यात अवघड. रजेवरून परतलेल्या माणसाला रिकामा रकाना बघवत नाही. तो तिथे शून्य टाकून मोकळा होतो. महिन्याच्या बेरजेत मग तालुका कोरडा ठरतो.

महिना संपला की वहीची बेरीज होते, आणि इथून पुढचा हिशेब कारकुनाच्या हातात राहत नाही. हवामान खात्याने देशाचे ३६ उपविभाग केले आहेत. त्यांत महाराष्ट्राच्या वाट्याला चार: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. सगळ्या केंद्रांची सरळ सरासरी काढली तर कोकणचा पाऊस मराठवाड्याला बुडवून टाकेल, म्हणून क्षेत्रफळाप्रमाणे वजन देऊन सरासरी काढतात. मग ती दीर्घकालीन सरासरीशी ताडून पाहतात. फरक १९ टक्क्यांच्या आत असेल, वर किंवा खाली, तर पाऊस 'सामान्य'. त्याखाली ५९ टक्क्यांपर्यंत 'तुटीचा', त्याहून खाली 'मोठ्या तुटीचा'. सध्याची फूटपट्टी १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांची आहे. तिच्यानुसार देशाचा जुलै २८० मिलिमीटरचा आणि ऑगस्ट २५५ मिलिमीटरचा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये १६३ मिलिमीटरच भरला, ३६ टक्के तूट. १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही.

असा आकडा देशाला कामाचा आहे. गावाला तितकासा नाही, हे स्पष्ट म्हटलेलं बरं. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. या दोघांची सरासरी काढली तर ती कुठल्याच गावाची हकीकत सांगत नाही. महिन्याचंही तसंच. मृगात पेरलं, पावसाने ओढ दिली, उगवण करपली, आणि जूनच्या शेवटच्या तीन दिवसांत धो-धो कोसळून बेरीज भरली. अहवालात जून 'सामान्य', शेतात दुबार पेरणी. आपला शेतकरी पाऊस नक्षत्रांनी मोजत आला: रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू. एकेक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं. त्यांच्या वाहनांवरून पाऊस किती ते सांगणं मला पटत नाही. बेडूक आणि म्हैस यांचा ढगांशी संबंध नाही. पण खंड पकडायला पंधरवड्याहून किंचित लहान माप महिन्यापेक्षा चांगलं, याबद्दल मला शंका नाही. मासिक तक्त्यात म्हणूनच बेरजेशेजारी पावसाळी दिवसांची संख्या देतात. ज्या दिवशी अडीच मिलिमीटर किंवा अधिक पडला, तो पावसाळी दिवस. वाचणाऱ्याने खरं तर आधी तो रकाना पाहावा.

मग महिना टिकला कशाने? जगाशी जुळवून पाहता येतो म्हणून. १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर हा केंब्रिजचा गणिती हवामान खात्याचा प्रमुख होऊन आला. त्याला हवामानाचा अनुभव नव्हता. होते ते आकडे आणि आकडेमोड करणारे भारतीय कर्मचारी. देशोदेशींच्या महिनेवार आणि ऋतुवार सरासऱ्या मागवून तो त्यांचा आपसातला संबंध तपासत बसला. त्यातून प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या वायुभाराचा झोका सापडला, ज्याचं नाव आज एल निनोच्या जोडीने घेतलं जातं. दैनंदिन नोंदींच्या ढिगात हे त्याला हाताने कधीच सापडलं नसतं. १९२७ साली अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेने जगभरच्या मासिक नोंदींचा जो पहिला जाडजूड ग्रंथ काढला, त्यामागेही वॉकर होता. आज जगातली निवडक केंद्रं दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गेल्या महिन्याचा सारांश एका ठरावीक सांकेतिक संदेशात पाठवतात. त्यात पावसासाठी शून्य ते सहा असा एक अंक असतो: तीस वर्षांत पडला नव्हता इतका कमी पाऊस झाला तर शून्य, पडला नव्हता इतका जास्त झाला तर सहा.

खात्याचं मुख्यालय कलकत्त्याहून शिमल्याला गेलं आणि १९२८ मध्ये पुण्याला आलं. पुणेकर त्या इमारतीला अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला हललं, पण देशाच्या नोंदींचं कोठार पुण्यातच राहिलं.

ब्रिटनमध्ये २०२० च्या टाळेबंदीत एक उपक्रम झाला. पावसाच्या मासिक बेरजांचे सुमारे ६५ हजार जुने हस्तलिखित कागद स्कॅन करून लोकांपुढे ठेवले गेले. सोळा हजार स्वयंसेवकांनी घरी बसून पन्नास लाखांवर आकडे संगणकात भरले. देशाची मासिक पावसाची मालिका १८३६ पर्यंत मागे गेली, आणि सर्वांत कोरडं वर्ष म्हणून १८८७ चा जो मान होता तो १८५५ कडे गेला. आपल्याकडेही जुन्या वाड्यांत, साखर कारखान्यांच्या शेती विभागांत, शाळांच्या कपाटांत पावसाच्या वह्या पडून असतात. कुणाच्या आजोबांनी रोज सकाळी लिहिलेली अशी वही घरात असेल तर ती रद्दीत घालू नका. निदान मोबाइलवर पानन् पान फोटो काढून ठेवा, आणि पर्जन्यमापक नेमका कुठे बसवला होता तेही त्यावर लिहा. ठिकाण माहीत नसलेला आकडा कुणालाच वापरता येत नाही.