क्रीम की लाइट ग्रे? खोलीला रंग देण्याआधी हे वाचा

शेड कार्डवर आवडलेला ग्रे भिंतीवर लावल्यावर निळसर दिसतो, तर क्रीम चक्क पिवळा. असं का होतं? आणि तुमच्या खोलीसाठी या दोनपैकी कोणता रंग योग्य?

फरक नेमका कशात?
दोन्ही रंग 'न्यूट्रल' म्हटले जातात, पण दोघांत दुसऱ्या रंगाची हलकी छटा मिसळलेली असते. याला अंडरटोन म्हणतात. क्रीममध्ये बहुतेकदा पिवळा किंवा गुलाबी असतो, तर ग्रेमध्ये निळा, हिरवा किंवा जांभळा. कार्डच्या छोट्या तुकड्यावर तो जाणवत नाही, अख्ख्या भिंतीवर मात्र लगेच दिसतो.

खिडकी कुठल्या दिशेला आहे?
उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन कमी येतं. तो उजेड थंड, निळसर असतो, त्यामुळे तिथे ग्रे आणखी उदास वाटू शकतो. अशा खोलीत क्रीम बरा. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळचं ऊन सोनेरी असतं. तिथे क्रीम जास्त पिवळा दिसतो, ग्रे संतुलित वाटतो.

खोली अंधारी असेल तर?
रंग किती प्रकाश परत फेकतो, ते एलआरव्ही या आकड्यावरून कळतं. 0 म्हणजे काळा, 100 म्हणजे शुभ्र. क्रीमचा एलआरव्ही सहसा ग्रेपेक्षा जास्त असतो. समोर दुसरी इमारत असलेल्या, खालच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हा फरक दिवसाही जाणवतो.

दिवे विसरू नका
3000 केल्व्हिनचा 'वॉर्म व्हाइट' बल्ब क्रीमला पिवळा करतो. 6500 केल्व्हिनची 'कूल डेलाइट' ट्यूब ग्रेला निळसर करते. रंग बदलण्यापेक्षा बल्ब बदलणं कितीतरी स्वस्त!

मग ठरवायचं कसं?
• दोन्ही रंगांचे सर्वांत लहान डबे आणा.
• दोन वेगवेगळ्या भिंतींवर दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवा. दोन हात द्या.
• पूर्ण सुकल्यावर सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून बघा.
• फरशी, पडदे आणि सोफ्याशेजारी रंग कसा दिसतो तेही तपासा. फरशी बदलणार नाही, रंगालाच तिच्याशी जुळवून घ्यावं लागेल.

मशीनवर मिसळून घेतलेला रंग दुकानदार सहसा परत घेत नाहीत. त्यामुळे वीस लिटरची ऑर्डर देण्याआधी दोन दिवस थांबलात, तर पुढची काही वर्षं नावडत्या भिंतीकडे बघत बसावं लागणार नाही.