सहा मसुदे

आमच्या कामात ड्राफ्ट पडून राहिला, तर फार तर मॅनेजर ओरडतो.

मी जुन्नरचा. शेजारच्या आंबेगावात ३० जुलै २०१४ ला डोंगर खाली आला आणि माळीणमधली दीडशेच्या आसपास माणसं गेली. साडेचार महिने आधी, १० मार्चला, केंद्रानं पश्चिम घाटातलं संवेदनशील क्षेत्र ठरवणारा मसुदा काढला होता. त्यानं माळीण वाचलं असतं, असं मी म्हणत नाही. पण १९८६ च्या कायद्यानं हा अधिकार थेट केंद्राला दिलाय, संसदेत जावंच लागत नाही. मग मसुदा काढायचा, मुदत संपू द्यायची, पुन्हा नवा काढायचा. कायदा मोडावाही लागत नाही!

सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा. आदल्या पहाटे, माळीणच्या दहाव्या स्मृतिदिनी, वायनाडमध्ये डोंगर कोसळला होता.