मोडलेल्या नाण्यांचे अलंकार

एखाद्या कलेची थोरवी ठरवूं लागलों म्हणजे आपण प्रथम तिचें वय विचारतों. पूर्वापार चालत आलेली ती आपली आणि परक्यापासून शिकलेली ती उसनी, असा सर्वसाधारण समज असतो. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागांतील नावाहो लोकांच्या चांदीकामाचा इतिहास ह्या समजास धक्का देणारा आहे.

आज ही कला नावाहोंची ओळख मानली जाते. परंतु तिचें वय दोनशें वर्षेंही नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अत्सिदी सानी, म्हणजे ‘वृद्ध लोहार’, ह्या नांवानें ओळखला जाणारा नावाहो पुरुष एका मेक्सिकन कारागिराजवळ लोखंडाचें काम शिकला. पुढें १८६४ सालीं अमेरिकन सैन्यानें हजारों नावाहोंना घरदार सोडावयास लावून शेंकडों मैल पायीं चालविलें आणि बोस्के रेदोंदो येथें डांबून ठेविलें. १८६८ च्या तहानें ते मायभूमीस परतले, आणि त्यानंतरच्या वर्षांत चांदीकाम त्यांच्यांत पसरलें. अत्सिदी सानीनें तें आपल्या मुलांस शिकविलें.

ही चांदी खाणींतून आली नाहीं. ती आली अमेरिकन डॉलर व मेक्सिकन पेसो ह्या नाण्यांतून. नाणीं मुशींत घालून कोळशाच्या विस्तवावर वितळवावयाचीं, रस साच्यांत ओतावयाचा, आणि निघालेली कांब ठोकून पत्रा करावयाचा, अशी रीत होती. ऐरण म्हणून रुळाचा तुकडा किंवा कोणतेंही मोडकें लोखंड चाले. झिजलेल्या कानशींपासून नक्षीचे ठसे बनत. १८८० च्या सुमारास चांदीच्या कोंदणांत पेरोजाचे निळे खडे बसूं लागले. १८९० च्या सुमारास सरकारनें आपलीं नाणीं मोडण्यास मनाई केली, तेव्हां पेसोंवर अधिक भिस्त पडली.

हे दागिने केवळ शोभेचे नव्हते. आपल्याकडील शेतकरीण पेरणीच्या तोंडावर जसे गोठ-तोडे गहाण टाकी, तसाच नावाहो मेंढपाळ आपले दागिने व्यापाऱ्याकडे ठेवून धान्य नेई आणि लोंकर विकली कीं सोडवून आणी. म्हणून दागिना वजनदार असणें हें त्याच्या पतीचें लक्षण होतें.

रेल्वेबरोबर प्रवासी आले आणि गिऱ्हाईक बदललें. १८९९ पासून फ्रेड हार्वे कंपनी प्रवाशांसाठीं हलके दागिने घडवून घेऊं लागली. पाठोपाठ यंत्रावर काढलेली नक्कल बाजारांत शिरली, आणि हाताच्या कामाचें मोल घसरलें. नकली माल मूळ रहिवाशांचा म्हणून विकणें हा गुन्हा आहे, असें १९९० च्या कायद्यानें अधिक कडकपणें ठरविलें.

तेव्हां ह्या कलेंत विद्या मेक्सिकनांची, धातु जेत्यांच्या नाण्यांचा आणि हत्यारें मोडीचीं. तरीहि ती नावाहोंचीच आहे. कारण बंदिवासांतून रित्या हातांनीं परतलेल्या समाजानें तिच्यांत आपली आवड ओतली, आपली शिल्लक ठेविली आणि आपल्या मुलांना ती शिकविली. कलेची मालकी ठरवितांना वयापेक्षां ह्या गोष्टी पाहाव्या, हें बरें.