धूम्रपानबंदीच्या पाटीची कुळकथा

सरकारी कचेरीतली किंवा उपाहारगृहातली ‘येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे’ ही पाटी रंगाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली नाही. किमान 60 बाय 30 सेंटिमीटर आकार, पांढरी पार्श्वभूमी, तांबड्या वर्तुळात धुरासह सिगारेट किंवा विडी आणि तिच्यावर तांबडी काट, हे सारे नियमांनी बांधून दिले आहे. तक्रार कोणाकडे करायची, त्याचे नावही लावावे लागते. नेमकी तीच जागा अनेकदा कोरी राहते.

पाटीचे मूळ संसदेपेक्षा न्यायालयात अधिक आहे. संसदेच्या आधी दिल्लीने 1996 मध्ये आणि गोव्याने 1997 मध्ये स्वतःचे कायदे केले. गोव्याने थुंकण्यालाही त्यातच गाठले. 1999 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक धूम्रपान बेकायदा ठरवले. पुढे मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2001 रोजी रुग्णालये, शाळा, ग्रंथालये, न्यायालये आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहनांत देशभर बंदी घातली. न ओढणाऱ्याने दुसऱ्याचा धूर का गिळावा, हा प्रश्न घटनेच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काशी जोडला गेला. केंद्राचा कायदा 2003 मध्ये आला.

सिगारेट कंपन्यांची वेगळी पाटी होती. 1990 च्या दशकात फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीच्या पैशावर आंतरराष्ट्रीय हॉटेल संघटनेमार्फत ‘कर्टसी ऑफ चॉइस’ (निवडीचे सौजन्य) मोहीम चालली. तिचे चिन्ह यिन-यांग या चिनी चिन्हासारखे. ओढणारा आणि न ओढणारा एकाच छताखाली गुण्यागोविंदाने राहतील, असा तिचा सूर. धूर मात्र दोघांत वाटला जाई.

असे कायदे घडवायला किंवा अडवायला मंत्र्यांच्या दारी डॉक्टरही जातात, कंपन्याही. निवेदने आणि भेटीगाठी दोघांच्याही. त्यामुळे पाठपुरावा आणि लॉबिंग यांतला फरक पद्धतीत शोधून सापडत नाही. कायदा झाल्यावर नफा कोणाच्या खिशात जातो आणि मोहिमेचा खर्च उघड असतो का, हे पाहावे लागते. ‘कर्टसी’च्या पाटीवर पैसे देणाऱ्याचे नाव नव्हते.

2 ऑक्टोबर 2008 पासून केंद्राच्या कायद्याखालचे नवे नियम लागू झाले; 200 रुपयांपर्यंतचा दंड 2003 च्या कायद्यातच होता. नियमांविरुद्ध सिगारेट कंपनी आयटीसी आणि हॉटेलचालक न्यायालयात गेले, पण स्थगिती मिळाली नाही. तरीही किमान 30 खोल्यांची हॉटेले, किमान 30 आसनांची उपाहारगृहे आणि विमानतळ यांना धूम्रपानासाठी वेगळ्या जागेची सवलत कायद्यातच होती. हॉटेले आणि उपाहारगृहांची ती सवलत काढून टाकण्याची सूचना 2020 च्या दुरुस्ती मसुद्यात होती. त्या मसुद्याचा कायदा झाला नाही.