ललिता बाबर आणि बातमीतला हिशेब

परसवाड्यात नागपूरचं मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना ललिता बाबर आठवत असेल. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची. १३ ऑगस्ट २०१६ ला रिओत ३००० मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत तिनं ९:१९.७६ असा राष्ट्रीय विक्रम केला. पी. टी. उषानंतर तब्बल ३२ वर्षांनी भारतीय बाई ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत अंतिम फेरीत गेली!

माझ्याकडच्या कात्रणांत दुष्काळ आहे, गरिबी आहे. ते लिहावंच. पण या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी, हे कुठंच नाही. पुरुषांच्या क्रिकेटचा चेंडू न् चेंडू मांडणाऱ्या बातमीदारानं तिच्या धावण्याचाही हिशेब द्यायला नको का?

१५ ऑगस्टला ती दहावी आली. वेळ ९:२२.७४, ती मीच कात्रणाच्या कडेला पेनानं लिहून ठेवली.